महागडं कॉलेज कर्ज काढून करावं की परवडणारं निवडावं?

तुमच्या मुलीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळतोय. एक नावाजलेलं पण महाग, दुसरं खिशाला झेपणारं, आणि पहिल्यासाठी कर्ज काढावं का असं तुम्ही विचारलं आहे. मी म्हणेन, फीची फीशी तुलना करू नका. शिक्षण संपल्यावर दरमहा किती हप्ता जाणार आणि तेव्हा पगार किती असणार, हे आधी काढा.

चार वर्षांचा कोर्स धरा. दर वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख कर्ज, व्याज 10%, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू. पहिल्या लाखावर तोवर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. सरळव्याजानेसुद्धा हे 1,40,000 होतात. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच 4 लाखांचे 5,40,000 झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 7,140, एकूण साधारण 8,56,000. शिकत असतानाच व्याज भरत राहिलात तर हप्ता 5,290 च्या आसपास येतो आणि ते व्याज धरूनही एकूण 82,000 वाचतात. जमत असेल तर हे कराच. चक्रवाढ व्याज असेल तर फरक आणखी मोठा पडतो.

फी चारही वर्षं तीच राहील असं मात्र धरू नका. दरवर्षी 8% वाढली तर 4 लाखांचे 4,50,000 होतात. कॉलेजच्या आत्ताच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारा, त्यांनी वर्षागणिक किती भरले. वसतिगृह, खाणावळ, परीक्षा फी, प्रवास हे माहितीपत्रकात बहुधा नसतं; ते वेगळं मांडा. शिष्यवृत्ती गुणांच्या अटीवर असेल तर ती फक्त पहिल्या वर्षापुरती धरा.

आता पगार. इथे बहुतेक जण फसतात. जाहिरातीतलं सर्वोच्च पॅकेज एखाद्यालाच मिळतं, आणि सरासरी अशा दोन-चार आकड्यांनी फुगते. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर अगदी मधल्या विद्यार्थ्याला किती मिळतं, हे विचारा, तेही तिच्याच शाखेचं. नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी कशातली तेही बघा: प्रवेश घेतलेल्या सगळ्यांतली, की प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्यांतली? शिवाय पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे.

हप्ते सुरू होतानाचं एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराएवढं असेल, तर वरच्याच अटींवर पगाराच्या जवळजवळ 16% हप्त्यात जातात. दीडपट असेल तर 24%, दुप्पट असेल तर 32%. पगाराएवढ्या कर्जापर्यंत मी विचार करेन. दीडपटीच्या पुढे गेलं की माझं मत सरळ स्वस्त कॉलेजच्या बाजूने. नोकरीच्या सुरुवातीला घरभाडं, जेवणखाण आणि कर कापून उरलेल्यातून पगाराचा पाव ते तिसरा हिस्सा हप्त्यात देणं फार थोड्यांना झेपतं.

मुदत दहाऐवजी पंधरा वर्षं करून हप्ता हलका होतो खरा, पण 10% दराने दर लाखामागे 1,322 चा हप्ता 1,075 होतो आणि एकूण परतफेड 1,58,600 वरून 1,93,400 वर जाते. मुदत वाढवल्यावरच महाग कॉलेज परवडत असेल, तर ते परवडत नाही असंच समजा.

सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे कोर्स अर्धवट सुटणं: पदवी नाही, कर्ज मात्र आहे. म्हणून दरवर्षी किती मुलं वेळेत उत्तीर्ण होतात ते दोन्ही कॉलेजांत विचारा. अभ्यासक्रम तिच्या आवडीचा आहे का, हा प्रश्नही इथे पैशाचाच ठरतो.

तरीही कर्ज घ्यायचं ठरलं, तर सही करण्याआधी हे लेखी घ्या: दर स्थिर की बदलता, न भरलेलं व्याज मुद्दलात कधी मिळवतात, मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, प्रोसेसिंग फी किती, आणि हप्ता थकला तर जामीनदारावर नेमकं काय येतं. दर बदलता असेल तर हिशेब 2% जास्त धरून पुन्हा करा. 12% दराने दहा वर्षांचा हप्ता दर लाखामागे सुमारे 1,435 होतो.