उथळ प्रवाळभित्तीवर तोल सांभाळणे खोल पाण्यापेक्षा अवघड का जाते
आपण विचारले आहे की, ओपन वॉटरचा (स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक) कोर्स पूर्ण झाल्यावर पहिले डाइव्ह अंदमानात स्वराजद्वीपच्या (पूर्वीचे हॅवलॉक) उथळ भित्तीवर करावेत, की ती जागा फारच सोपी ठरेल. सुरुवात तिथेच करावी. मात्र सोपी समजून करू नये.

पाण्याचा दाब दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे 30 मीटरवरून 20 मीटरवर येताना बीसीडीत (हवा भरून-सोडून तरंगणे सांभाळण्याच्या जॅकेटात) राहिलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते, तर 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच हवा दुप्पट होते. म्हणूनच 5-6 मीटरवर एखादा खोल श्वासही आपल्याला वर उचलतो, नवखा डायव्हर घाईने हवा सोडतो, खाली जातो, पुन्हा हवा भरतो आणि अखेरीस प्रवाळावर हात टेकतो किंवा त्याचे फिन तिथे आपटतात. पोराइट्स या प्रवाळाचा एखादा मोठा, खडकासारखा गोल गोळा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, आणि अंदमानच्या प्रवाळांनी 2010 मध्ये तापलेल्या पाण्यामुळे मोठे विरंजन (रंग उडून पांढरे पडणे) सोसले आहे. तिथे आपल्या हातून आणखी मोडतोड व्हावी, हे मला अजिबात सहन होत नाही.

उपाय बहुधा खाली जाण्यासाठी अंगावर घेतलेल्या शिशाच्या वजनात असतो. भरलेल्या ॲल्युमिनियमच्या टाकीत दोन किलोंहून अधिक वजनाची हवा असते आणि ती संपत जाते, तसे आपण हलके होतो. म्हणून वजनाची तपासणी टाकीतला दाब 50 बारवर आलेला, म्हणजे हवा संपत आलेली असताना, 5 मीटरच्या सेफ्टी स्टॉपवर (वर येताना घेतलेल्या थांब्यावर) करावी. वजन गरजेपेक्षा जास्त घेतले, तर ते तोलण्यासाठी बीसीडीत जास्त हवा भरावी लागते, आणि उथळ पाण्यात त्रास देते ती हीच हवा. आधी वाळूच्या मोकळ्या पट्ट्यावर, बीसीडीच्या बटणाला हात न लावता, केवळ श्वासाने तरंगण्याचा सराव करावा आणि मगच भित्तीकडे वळावे. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून नेलेल्या डाइव्हचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिथे तोल प्रशिक्षकच सांभाळत असतो.

श्वास मात्र कधीही रोखून धरू नये. भरलेल्या फुप्फुसांनी दीड-दोन मीटर वर येणेही इजा करण्यास पुरेसे असते. तसेच अनेक डाइव्ह झाल्यावर परतीच्या विमानापूर्वी किमान 18 तासांचे अंतर ठेवावे. सगळे डाइव्ह उथळ होते म्हणून ते कमी करू नये.