थर, पदर की पापुद्रा?

प्रश्न असा आला: जेमतेम अणूंच्या जाडीच्या चुंबकीय पदार्थांवर आणि ते तपासणाऱ्या क्वांटम संवेदकांवर मराठीत लिहायचंय, तर 'लेअर'ला काय म्हणावं? 'स्तर' चालेल का?

चालेल की. पण 'त्रिस्तरीय' म्हटलं की मला पंचायतराज दिसतं, त्याला इलाज नाही. आपल्याकडे तीन घरचे शब्द आहेत, त्यांची क्रियापदं बघा. थर साचतो, बसतो, रचला जातो: धुळीचा, दहीहंडीचा. पापुद्रा निघतो: भाकरीचा, कांद्याचा, अभ्रकाचा. पदर सुटतात आणि मोजताही येतात. चिरोट्याचे पदर, दोरीचे पदर. रस्तासुद्धा चौपदरी असतो.

आता क्रोमियम ट्रायआयोडाइड हा असाच एक चुंबकीय पदार्थ घ्या. त्याचा स्फटिक चिकटपट्टीने सोलतात, कारण एका पदराची दुसऱ्यावरची पकड ढिली असते. सोलून निघतो तो पापुद्राच. त्याला थर म्हटलं तर तो कुणीतरी वरून चढवला असं वाटतं.

पण पापुद्र्यात किती पदर, यावरच इथे सगळं अवलंबून आहे. एकपदरी क्रोमियम ट्रायआयोडाइड 45 केल्विनच्या खाली, म्हणजे उणे 228 अंश सेल्सिअसच्या आसपास, चुंबक होतं हे 2017 मध्ये दिसलं. दुपदरीत मात्र शेजारच्या पदरांच्या चुंबकत्वाची तोंडं विरुद्ध दिशांना! दोघांचं चुंबकत्व एकमेकांत फिटतं. तिपदरीत एकाचं उरतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या गटाने 2019 मध्ये हा सम-विषमाचा हिशोब हिऱ्याच्या टोकाने प्रत्यक्ष मोजला. हाच तो क्वांटम संवेदक. त्या हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन असतो आणि शेजारची जागा रिकामी. (तिला 'रिक्ती' म्हणू नका, भरतीची जाहिरात वाटते. 'रिकामी जागा' पुरे.) स्फटिकातल्या अशा जोडीला दोष म्हणतात. हिरवा प्रकाश टाकला की हा दोष लाल चमकतो. सोबत 2.87 गिगाहर्ट्‌झची सूक्ष्मलहर (मायक्रोवेव्ह) सोडली की चमक मंदावते. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर हा आकडा सरकतो, आणि किती सरकला त्यावरून क्षेत्र कळतं. टोक पापुद्र्यावरून फिरवत नेलं की शंभर नॅनोमीटरहूनही कमी, इतक्या बारकाईचा नकाशा मिळतो.

असा नकाशा समजावताना 'सम पदर, विषम पदर' जितकं सहज येतं, तितकं 'समस्तरीय' येत नाही. त्याचा अर्थच निराळा होतो. पदर म्हटल्यावर साडी आठवेल ही धास्ती असेल तर सोडा. चौपदरी रस्त्यावर कुणाला साडी आठवते?

'क्वांटम'ला 'पुंज' आहे, पण संवेदकाला मी तो लावणार नाही. 'पुंज संवेदक' ऐकून ऐकणारा पुंजका शोधत बसेल.

तेव्हा लेखात बिनधास्त लिहा: 'चिकटपट्टीने काढलेल्या तिपदरी पापुद्र्याच्या कडेला सोन्याचा पातळ थर दिला.' तिन्ही शब्द आपापल्या जागी.