वजन देताना

प्रिय लेकी,

तुझं पत्र रोवणीच्या धांदलीत आलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. जोडीनं नाचायला लावलं की पोरं एकमेकांवर भार टाकतच नाहीत, नुसती हात धरून उभी राहतात, असं तू लिहिलंस. त्यांचं काही चुकत नाही. ज्याच्याशी काल कंच्यांवरून भांडण झालं, त्याच्या अंगावर आज एकदम कोण विसंबेल?

एक आधीच सांगते. डोळे मिटून मागं पडायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं, हा शिबिरातला खेळ सुरुवातीला घेऊ नकोस. मला तो कधीच पटला नाही. त्यात वजन एक तर सगळं आपल्याजवळ, नाही तर सगळं दुसऱ्याच्या हातात. भरवसा मधल्या जागेत तयार होतो. थोडं द्यायचं, समोरचा सावरतो का पाहायचं, परत घ्यायचं, मग थोडं जास्त द्यायचं.

पहिल्या दिवशी खराट्याची काडी पुरे. टोकं बोथट कर. हातभर काडी दोघांच्या तर्जन्यांमध्ये नुसती दाबून धरायची आणि ती न पाडता अंगणभर फिरायचं, बसायचं, वळायचं. जास्त दाबली तर वाकते, सैल सोडली तर पडते. मग एकाला डोळे मिटू दे. अंगाला अंग लागत नाही, त्यामुळे पोरं-पोरी एकत्र असल्या तरी कोणी अवघडत नाही.

खरा खजिना फुगडीत आहे. फक्त गिरकी घेऊ देऊ नकोस. उजव्या हातात उजवा, डाव्यात डावा, पायांचे चवडे जुळवलेले. तसंच उभ्या उभ्या दोघींनी सावकाश मागं कलायचं, हात पुरते सरळ होईपर्यंत. कोपर वाकवून ओढलं तर दंड लगेच भरून येतात. हात लांब राहू दिले की भार हाडांवर येतो, दम लागत नाही. जोडी मुद्दाम विजोड लाव. जड आहे तिनं कमी कलायचं, हलकीनं जास्त. ते माप त्यांनाच शोधू दे, तू सांगू नकोस. वर्गात जाडी म्हणून चिडवलेल्या पोरीला आपल्या वजनाचा कोणाला तरी आधार होतो, हे तिथं पहिल्यांदा कळतं. ते जमलं की तशाच धरून हळूहळू खाली बसायचं, पुन्हा उठायचं. गिरकी सगळ्यात शेवटी.

पकड मात्र मनगटाला मनगट. धानाचं पोतं उचलताना दोन गडी खालून हात कसे धरतात ते आठव. विशीत मी नुसत्या बोटांवर भिस्त ठेवून फुगडी घातली, घामानं हात सुटला आणि मैत्रिणीचं मनगट मोडलं. ती पुन्हा माझ्याबरोबर कधी खेळली नाही. अजून जीव कळवळतो.

पाठीला पाठ लावून बसणं-उठणं तुला येतंच. घोडा करून वर टेकायचं असेल तर भार कंबरेच्या हाडावर किंवा खांद्यांवर. मधल्या पाठीवर कधीच नको.

हे कुठून आलं विचारतेस. फुगडी आपलीच. पण अंगभाराच्या देवाणघेवाणीतूनच नाच घडवायचा, हे अमेरिकेत १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकानं सुरू केलं. त्याला कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणतात. तो आयकिदो ही जपानी युद्धकला शिकलेला होता. ओबर्लिन कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यानं गाद्यांवर आदळणं, घसरणं, पडणं केलं आणि शेवटी काही मिनिटं सगळे नुसते उभे राहिले. ते उभं राहणं तूही घे. डोळे मिटले की कळतं, शरीर सारखं झुलत असतं, सावरत असतं. स्वतःला सावरणारं अंग ओळखीचं झालं की दुसऱ्याचं ओळखायला सोपं जातं.

गाद्या नाहीत म्हणून अडू नकोस. धानाच्या तणसाचा हातभर थर घाल, वर सतरंजी. आणि ‘सोड’ हा शब्द ठरवून घे; तो कोणीही उच्चारला की जोडी आधी हळूच सरळ उभी राहील आणि मगच हात सोडेल.

मागं भिंतीला टेकून बसणाऱ्या त्या पोराला ओढून आणू नकोस. त्याच्याजवळ काडी घेऊन जा, एक टोक तुझ्या बोटाला लाव आणि थांब. तो वर्षभर काडीपर्यंतच आला, तरी मला चालेल.

तुझी,
मावशी