घरच्यांच्या आधाराने कॅन्सरच्या रुग्णाचं जगणं खरंच सुधारतं का? संशोधन काय सांगतं?

तुमच्या आईंची केमो सुरू आहे. ‘घरच्यांचा आधार महत्त्वाचा’ हे वाक्य तुम्हाला दिवसातून चार जण ऐकवतात, आणि त्यामागे काही अभ्यास आहे की ती नुसती धीर द्यायची पद्धत, असं तुम्ही विचारलंय. अभ्यास आहे. अशाच संशोधनासाठी रुग्णांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायचं काम मी काही वर्षं केलंय, म्हणून उत्तर देतोय.

‘जीवनाची गुणवत्ता’ हा शब्द मोघम वाटतो, पण मोजणी बरीच नेमकी असते. ईओआरटीसी या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या युरोपीय संस्थेची ‘क्यूएलक्यू-सी३०’ ही १९९३ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली जगभर वापरतात. प्रश्न ३०, बहुतेक गेल्या एका आठवड्यापुरते: झोप लागली का, मळमळलं का, थोडं चालणंही जड गेलं का, काळजी वाटली का. सव्विसावा प्रश्न असा, की तब्येतीमुळे किंवा उपचारांमुळे तुमच्या कौटुंबिक आयुष्यात अडथळा आला का? तोवर भराभर खुणा करत आलेली माणसं इथे हमखास थांबायची. स्वतःच्या दुखण्याबद्दल सरळ सांगणारे ‘माझ्यामुळे घरच्यांचे हाल होतात’ म्हणताना गप्प व्हायचे.

आणि दुसरं रोज दिसायचं ते हे, की प्रश्न रुग्णाला विचारला तरी उत्तर शेजारी बसलेला मुलगा किंवा बायको द्यायची. प्रेमापोटीच. पण रुग्णाची आणि नातेवाइकांची उत्तरं शेजारी ठेवून पाहिलेल्या अभ्यासांत दिसतं, की चालणं-फिरणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत दोघांचं बऱ्यापैकी जुळतं, भीती आणि उदासी यांत कमी जुळतं. घरचे बहुतेकदा रुग्णाची अवस्था त्याला स्वतःला वाटते त्याहून वाईट धरतात. म्हणून आधाराची सुरुवात अंदाज बांधणं सोडून विचारण्यापासून होते, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. अमेरिकेतल्या सुमारे ७ लाख ३५ हजार रुग्णांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०१३ साली आला. विवाहित रुग्णांचा आजार तुलनेने लवकर सापडत होता, पूर्ण उपचार जास्त जणांना मिळत होते, आणि कॅन्सरने मृत्यूचं प्रमाणही कमी होतं. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरी मला त्यात लग्नापेक्षा ‘जाऊन दाखवून ये’ म्हणणारं, तारीख लक्षात ठेवणारं, सोबत जाणारं माणूस दिसतं. ते बहीण असेल, मित्र असेल. एकटे राहणारे रुग्ण हे वाचून खचतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्रास वेळेवर कळवण्याचा परिणाम तर थेट चाचणीत, म्हणजे रुग्णांचे दोन गट करून तुलना केलेल्या अभ्यासात दिसलाय. २०१७ साली निकाल आलेल्या ७६६ रुग्णांच्या एका चाचणीत एका गटाने आपली लक्षणं नियमितपणे टॅब्लेट कॉम्प्युटरवर नोंदवली आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जात होती. त्या गटाचं मध्यक आयुर्मान, म्हणजे गटातले निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने निघालं, नेहमीच्या पद्धतीतल्या गटाचं २६. घरी नोंदीचं काम तरी एक वही करू शकते.

तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, ते मला खटकलं. २०१५ च्या एका चाचणीत काळजी घेणाऱ्या १२२ जणांपैकी काहींना फोनवरून मार्गदर्शन लगेच सुरू केलं, बाकीच्यांना तीन महिन्यांनी. तीन महिन्यांनंतर लगेच मदत मिळालेल्यांमध्ये नैराश्य कमी होतं. तेव्हा आठवड्यातली एक रात्र दुसऱ्या कुणावर सोपवून झोपा, आणि हॉस्पिटलात समुपदेशक असेल तर स्वतःसाठीही वेळ मागा.

आणि पुढच्या तपासणीआधी आई एकट्या असताना विचारा, ‘या आठवड्यात सगळ्यात जास्त काय जाचलं?’ त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा आणि डॉक्टरांसमोर वही उघडून ठेवा.