मशीन चालवलं की झिजतंच ना?

काका खुर्चीत बसले ते उजवा हात पँटच्या खिशात ठेवूनच. वय ६२, भोसरीच्या एका कारखान्यात ३३ वर्षं लेथवर टर्नर. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) पार्किन्सन्सचं, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचं, निदान होऊन जेमतेम चार महिने झाले होते. काकूंनी पिशवीतून फाइल काढता काढताच तक्रार मांडली. "डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर व्यायाम सांगितलाय. हे ऐकतच नाहीत. मुलानं ट्रेडमिल आणून दिलं, त्यावर मी टॉवेल वाळत घालते."

काका ठाम होते. "मॅडम, मशीन जेवढं चालवाल तेवढं झिजतं. अंगात आता उरलंय किती? आहे ते जपून वापरू दे की. पुढं आजार वाढला तर करू व्यायाम. दोनदा गेलो होतो फिरायला, अंग नुसतं लाकूड झालं."

समुपदेशक म्हणून नव्यानं निदान झालेल्या बहुतेक घरांत मी हेच ऐकते. आणि कबूल करते, पहिल्या भेटीत मी चुकले. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांना समजावत बसले. अजून पार्किन्सन्सच्या गोळ्या सुरू न झालेले १२८ लोक, सहा महिने, आठवड्याला चार दिवस ट्रेडमिल. ज्यांना चांगला दम लागेल असं चालवलं त्यांची हालचालीची लक्षणं जवळपास होती तिथंच राहिली, आणि ज्यांनी आपलं नेहमीचंच चालू ठेवलं त्यांची वाढली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकडची माणसं दणकट असतात." विषय संपला.

दुसऱ्या भेटीत मी बोललेच नाही. आमच्या फिजिओथेरपिस्टनं काकांना व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि मोबाइलवर शूटिंग केलं. चालून आल्यावर विचारलं, "हात हलत होते का?"

"हो की. दोन्ही. नेहमीसारखे."

मग व्हिडिओ दाखवला. डावा हात झुलत होता. उजवा कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटलेला. उजवी चप्पल फरशीवर घासत होती: टप, स्स, टप, स्स. काकांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चष्मा पुसून चौथ्यांदा पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे मायक्रोमीटरला झिरो एरर आहे."

मायक्रोमीटर म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण; त्याचा शून्यच सरकलेला असला की प्रत्येक माप तेवढ्यानं चुकतं. इतकी नेमकी उपमा मला सुचली नसती. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडलं की सुरुवातीला जातं ते हालचालीचं माप, ताकद बरीचशी जागेवर असते. पाऊल आखडतं, अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो. माणसाला मात्र आपण पूर्ण मापानंच चाललोय, बोलतोय असं वाटतं. वर्षभरापूर्वी सही जुळत नाही म्हणून बँकेनं काकांचा चेक परत केला होता. घरात त्यावरून भांडण झालं, बँकेला शिव्या घालून झाल्या. आजार कुणाच्या मनातही आला नव्हता.

म्हणून या टप्प्यावर फिजिओथेरपीत 'मोठं' करायला शिकवतात. पाऊल इतकं लांब टाकायचं की आपल्यालाच ते नाटकी वाटावं. व्हिडिओत ते चारचौघांसारखंच दिसतं. काकांना हे एकदा पाहिल्यावर पटलं. एरर कळला की तेवढा मिळवायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं काम. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता अर्धगोल वळण घ्यायचं, एवढंच त्यांना विचित्र वाटत राहिलं. जोडीला दम लागणारं चालणं किंवा जागेवरची सायकल, आठवड्याला एकूण १५० मिनिटं. दम किती? बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका. अर्थात साठीनंतर एकदम वेग वाढवण्याआधी हृदय तपासून घ्यायचं, आणि उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. व्यायामानं मेंदूतल्या पेशींची झीज थांबते असं माणसांमध्ये सिद्ध झालेलं नाही, आणि मी तसं सांगतही नाही. गोळ्याही सोडायच्या नसतात.

राहिली ती अंग लाकूड झाल्याची गोष्ट. मी विचारलं, "किती वाजता गेला होतात?"

"पहाटे पाचला."

"आणि गोळी?"

"ती आठला."

म्हणजे रात्रीच्या गोळीचा अंमल संपलेला, सकाळची अजून पोटात नाही, अंग आखडणारच. गोळी घेऊन तासाभरानं अंग मोकळं होतं, व्यायाम तेव्हा करायचा. पण पाचच का? काका गप्प. काकूच हळूच म्हणाल्या, "तेव्हा सोसायटीत कुणी नसतं."

खिशातल्या हाताकडे तेव्हा माझं नीट लक्ष गेलं. झिजण्याची भीती खरी होती, पण तिच्या आड ही दुसरी बसली होती. या बाबतीत समुपदेशकाच्या शंभर वाक्यांपेक्षा हात थरथरणारी चार माणसं जास्त उपयोगी पडतात, म्हणून मी त्यांना पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला पाठवलं. तिथं चहाचा कप दोन्ही हातांनी धरून, सांडला तर पुसून, लोक निवांत गप्पा मारत होते, असं त्यांनीच येऊन सांगितलं. आता ते सकाळी नऊला खाली उतरतात. कुणी विचारलं तर सांगतात, "पार्किन्सन्स आहे, ट्रायल घेतोय."

काकूंना मी वेगळं काम दिलं होतं: शर्टाची बटणं लावून द्यायची नाहीत, चप्पल पायाशी सरकवायची नाही. त्यांना हे काकांच्या व्यायामाहून जड गेलं. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा मी विचारलं, कसं जमतंय?

"ते आत बटणं लावत असतात, मला बाहेर धीर धरवत नाही. मग मी मिक्सर लावते," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "दाण्याचं कूट आहे. घरात आता डबे उरले नाहीत."