एमसीबी पडत नाही, तरी प्लग का तापतो?

प्रश्न : आमच्या ओट्याजवळ सहा अँपिअरचा एकच सॉकेट आहे. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावून इंडक्शन, मिक्सर आणि फ्रिज चालवतो. प्लग हात लावता येणार नाही इतका तापतो, सॉकेटची भोकं काळवंडली आहेत. पण १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) कधीच पडला नाही. मग लोड ठीकच म्हणायचा ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठीक नाही. प्रत्येक उपकरणावर वॉट छापलेले असतात. त्यांना २३० ने भागा. २००० वॉटचं इंडक्शन ८.७ अँपिअर, ७५० वॉटचा मिक्सर ३.३, फ्रिज साधारण १. तिन्ही चालू असताना झाले १३! त्या सॉकेटला एकटं इंडक्शनच झेपत नाही. शिवाय करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते.

एमसीबीचं यात काही चुकलेलं नाही. १३ हा आकडा १६ च्या आतला, आणि १८ अँपिअरसुद्धा तो तासभर सोसतो. तो भिंतीतली वायर सांभाळतो. पुढे सॉकेट कोणता बसवलाय, हे त्याला कळत नाही.

इंडक्शन आजच तिथून काढा. काळवंडलेला सॉकेट घासूनपुसून वापरू नका. तापून आतल्या पितळी पट्ट्यांची पकड सैल होते, सैल जोड आणखी तापतो. सॉकेट आणि बोर्ड दोन्ही बदला, नाहीतर जळकी पिन नव्या सॉकेटचीही वाट लावते. वायरचं करपलेलं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापायला सांगा.

इंडक्शनसाठी डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट घ्या : २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, अर्थिंग आणि वेगळा एमसीबी. इलेक्ट्रिशियन जुन्याच वायरवर मोठा सॉकेट बसवून देतो म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टरही नको. त्याने पिन बसते, क्षमता तेवढीच राहते.

प्रश्न : घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा खटका) आहे. तो ओव्हरलोडला पडेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पुरता परत येतो का, एवढंच तो पाहतो. ओव्हरलोडमध्ये तो पुरता परत येतो. म्हणून एमसीबी हवाच. आरसीसीबीचं टेस्ट बटण मात्र अधूनमधून दाबून बघा. खटका पडला नाही तर तो बदलून घ्या.