हातचा ४ आणि हातचा १

“मॅडम, याला हातच्याची बेरीज एकदा येते आणि पुढच्याच गणितात येत नाही. हा निष्काळजीपणा म्हणायचा, की गणन-अक्षमता?” पहिली घटक चाचणी झाली की तिसरीतल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास घेऊन येतात. गेल्या वर्षी हाच प्रश्न विचारणाऱ्या एका आईने मुलाची वही बरोबर आणली होती. मुलाला आपण येथे चिन्मय म्हणू. त्याचे बाबा बँकेत नोकरीला, त्यामुळे ‘बँकेतल्या माणसाच्या मुलाला बेरीज येऊ नये’ हे वाक्य घरात बरेचदा उच्चारले गेले असावे. ते आईने माझ्यासमोरही उच्चारले आणि चिन्मय मान खाली घालून पेन्सिलीचे टोक खरवडत राहिला.

वहीत लाल फुल्यांच्या मधूनच बरोबरच्या खुणा होत्या. ५८ + २७ याचे उत्तर त्याने १२१ लिहिले होते, ३६ + ४८ याचे १११, तर २७ + १९ याचे ९१. मात्र ४८ + २३ = ७१ आणि ६५ + १६ = ८१ ही उत्तरे अचूक होती. बरोबर आलेल्या सगळ्या गणितांत एककाची बेरीज नेमकी ११ येत होती, आणि हे लक्षात आले तेव्हा बाकीच्या चुकांचाही उलगडा झाला. आठ आणि सात पंधरा झाले की चिन्मय १ खाली मांडत होता आणि ५ हातचा म्हणून दशकाच्या डोक्यावर चढवत होता. पुढे पाच, पाच आणि दोन मिळून बारा, म्हणून १२१. ११ मध्ये दोन्ही अंक सारखेच असल्यामुळे ही अदलाबदल तिथे झाकली जात होती. आईला निष्काळजीपणा वाटत असलेल्या त्या वहीत मुलाने एकच नियम, चुकीचा का होईना, शेवटपर्यंत न चुकता पाळला होता.

मराठीत अठ्ठावन म्हणताना आठ आधी येतो आणि पन्नास मागून, त्यामुळे काही मुले ५८ ऐवजी ८५ लिहितात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास आठ’ असे वाचन सुचवले, तेव्हा वाद झाला तो याच अडचणीवरून. ती शंका दूर करण्यासाठी मी चिन्मयला वीसेक संख्या तोंडी सांगितल्या, आणि एकोणसाठसुद्धा त्याने बरोबर लिहिली. वस्तू मोजणे आणि दोन संख्यांतली मोठी ओळखणे यांतही तो कुठे अडला नाही. वहीतल्या एवढ्याच चुकीवरून अक्षमतेचा शिक्का मारण्यासारखे काही नाही, असे मी आईला स्पष्ट सांगितले.

“पंधरातला एक तू खाली का लिहिलास?” असे विचारल्यावर तो म्हणाला, “पंधरा लिहिताना आधी एकच लिहितात ना?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. संख्या आपण डावीकडून लिहितो आणि बेरीज उजवीकडून करतो, याचे कारण त्याला कोणी दाखवले नव्हते. हातचा म्हणजे उरलेला अंक वर ठेवायचा, एवढेच त्याच्या मनात बसले होते.

मग आम्ही आइस्क्रीमच्या काड्या आणि रबर बँड घेऊन बसलो. ५ जुड्या व ८ सुट्या, २ जुड्या व ७ सुट्या. सुट्या काड्या पंधरा झाल्यावर त्याने स्वतःच दहा मोजून जुडी बांधली आणि ती उचलून जुड्यांच्या रांगेत ठेवली. “आता सुट्यांच्या घरात किती राहिल्या?” तो पाचही काड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग वहीतला १ खोडून त्याने ५ लिहिले. पुढचे काही दिवस त्याला हातचा मांडायलाच लावला नाही. एककाची बेरीज १५, खाली दशकांची ७०, मिळून ८५, असे पूर्ण लिहायला सांगितले. गणित करण्याआधी अंदाज बांधायचा, हेही ठरवले: ५८ म्हणजे साठच्या आत आणि २७ म्हणजे तीसच्या आत, तेव्हा उत्तर नव्वदच्या पुढे जाणारच नाही.

आईला मी एकच खूण सांगितली. दोनच संख्यांची बेरीज असेल, तर त्या कितीही मोठ्या असोत, हातचा १ पेक्षा जास्त येऊ शकत नाही, कारण ९ आणि ९ आणि आधीचा हातचा १ मिळून १९ च होतात. २७६८ + १५७६ = ४३४४ या गणितात हातचा तीनदा येतो आणि तीनही वेळा १ च असतो. तेव्हा डोक्यावर ४ किंवा ६ दिसला, तर न रागावता काड्यांची पिशवी पुढे करायची.

महिन्याभराने चिन्मय आला, तेव्हा मी मुद्दाम तीन संख्या दिल्या: ८९ + ७८ + ६७. एककाचे चोवीस झाले आणि तो थबकला. “मॅडम, आई म्हणते हातचा एकच असतो.” मी काही बोलले नाही. त्याने पिशवीतून चोवीस काड्या मोजून काढल्या, एक जुडी बांधली, मग दुसरी, आणि दशकाच्या डोक्यावर जरा मोठाच २ काढला.